विजयदुर्ग, परातीतल्या वाळूत

आज धरमपेठेतल्या आमच्या सोसायटीत सुट्टीच्या वर्गात मुलांना विजयदुर्गाचा इतिहास सांगितला. समुद्र न पाहिलेल्या एका मुलीने विचारले, "काका, खाडी म्हणजे काय?" मग परातीत ओली वाळू पसरून वाघोटण नदीचे मुख, त्याच्या तोंडाशी तीन बाजूंनी पाण्याने वेढलेला किल्ला आणि आत वळत जाणारी खाडी दाखवली.

त्या परातीमुळे मलाही काही गोष्टी नव्याने उमगल्या. शिवाजी महाराजांनी १६५३ मध्ये आदिलशाहीकडून घेतलेला हा घेरिया किल्ला, म्हणजेच विजयदुर्ग, मराठ्यांचे आरमार सांभाळणाऱ्या आंग्रे घराण्याच्या आरमाराचे प्रमुख ठाणे झाला, त्यामागे तिहेरी तटबंदीइतकेच या खाडीचेही बळ होते. कारण मुखावर तोफांचा पहारा आणि आत गिर्ये येथे जहाजांसाठी गोदी, अशी ती रचना होती.

फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांचे सेनानी वॉटसन आणि क्लाइव्ह समुद्रातून आले, पेशव्यांची फौज जमिनीवरून आली, आणि तोफांच्या माऱ्यात तुळाजी आंग्र्यांची एकत्र नांगरलेली गलबते जळून गेली. हे सांगताना माझा आवाज जड झाला. तुळाजींशी पेशव्यांचे वैर कितीही खरे असले, तरी ते आरमार मराठ्यांचेच होते. पुढे त्याच वर्षी विजयदुर्ग पेशव्यांना मिळाला, पण त्याच्या बदल्यात सावित्रीच्या मुखावरचा बाणकोट इंग्रजांकडे गेला.

त्या मुलीने परातीतल्या खाडीत कागदाची होडी ठेवली आणि ती किल्ल्याच्या आड नेऊन उभी केली.