आतेबहीण जवळची की मावसबहीण?

'होंगलौमंग', म्हणजे 'लाल महालातलं स्वप्न', ही अठराव्या शतकातली चिनी कादंबरी. वाचायला घेतलेला माणूस पहिल्यांदा अडखळतो तो तिसऱ्या प्रकरणात. आई गेलेली छोटी लिन दाइयू आजोळी राहायला येते. पालखीतून उतरते न उतरते तोच आजी, दोन माम्या, विधवा वहिनी, तीन मामेबहिणी आणि मोठ्यानं हसत आत शिरणारी आणखी एक वहिनी असा घोळका समोर उभा राहतो. इंग्रजीतून वाचणाऱ्याला इथं एकच एक 'कझिन' सगळीकडे पुरवावा लागतो. मराठी वाचकाकडे आते, मामे, मावस, चुलत असे चार कप्पे आधीपासून आहेत. ते वापरायचे, निम्मं काम तिथंच होतं.

उरलेल्या निम्म्यासाठी कागद घ्यावा. बहुतेक जण मूळपुरुषापासून वंशवृक्ष काढायला बसतात आणि फसतात, कारण कथेत ज्या माणसांचं चालतं त्या बऱ्याचशा सुना, आणि सुना वंशवृक्षात नुसत्या टोकाला लटकतात. कागदाच्या मधोमध आजीला बसवावं. ती शी घराण्यातून जिया घराण्यात आलेली. तिला दोन मुलगे, शे आणि झेंग, आणि एक मुलगी, मिन. मिनची मुलगी दाइयू. झेंगचा मुलगा बाओयू, कादंबरीचा नायक. हे झालं धाकटं घर, रोंगगुओ. थोरलं घर निंगगुओ शेजारच्या वाड्यात. ते कागदाच्या कडेला एका चौकटीत टाकलं तरी चालतं. त्यानंतर मात्र दुसऱ्या रंगाची शाई घेऊन बायकांची माहेरं जोडायची. बाओयूची आई वांग घराण्यातली. तिची बहीण श्वे घराण्यात दिलेली, तिची मुलगी बाओछाय. आणि भावाची मुलगी शीफेंग, जी सून होऊन याच वाड्यात आलेली. आजीच्या माहेरची शियांगयुन तिच्या भावाची नात. जिया, शी, वांग, श्वे ही चार घराणी चौथ्या प्रकरणात एका यादीत भेटतात. ती यादी नव्या अधिकाऱ्यानं खिशात ठेवायची: कुणाच्या वाटेला जायचं नाही, हे कळावं म्हणून.

पिढ्या ओळखायला लेखकानं किल्ली दिलेली आहे. चिनी वाचता येत नसलं तरी चालेल, अक्षराचा आकार ओळखता आला की पुरे. झेंगच्या पिढीतल्या नावांच्या अक्षरात उजवीकडे एकच खूण असते. त्यांच्या मुलांच्या नावात डावीकडे तीन आडव्या आणि एक उभी अशी जेडची खूण: लियान, झू, हुआन. (बाओयूचं नाव दोन अक्षरी, साच्याबाहेरचं, पण त्यातलं 'यू' म्हणजे साक्षात जेडच.) नातवंडांच्या डोक्यावर गवताची खूण: रोंग, लान, युन. मुली मात्र या साच्यात नाहीत. थोरली वर्षाच्या पहिल्या दिवशी जन्मली म्हणून युआनछुन, आणि तिच्यामागे साऱ्या बहिणींच्या नावात 'छुन', म्हणजे वसंत, चिकटला. पण त्यांच्या आत्याचं, मिनचं नाव तिच्या भावांच्याच खुणेतलं. एका पिढीत मुलगी भावांच्या रांगेत, पुढच्या पिढीत वेगळ्या रांगेत. दाइयू आईच्या नावाचं हे अक्षर पुस्तकात आलं की उच्चार बदलून वाचते आणि लिहिताना एखाद-दोन रेघा गाळते. आईचं नाव सरळ घ्यायचं नाही, म्हणून.

ही खूण वय सांगत नाही, पिढी सांगते. चोविसाव्या प्रकरणात युन नावाचा गरीब भाऊबंद भेटतो, वय अठरा. बाओयू त्याला गमतीनं म्हणतो, माझा मुलगाच शोभशील. शेचा मुलगा लियान हसतो, अरे, तो तुझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा आहे. युन संधी सोडत नाही: पाळण्यातला आजोबा आणि काठी टेकणारा नातू असतोच की, असं म्हणून तो स्वतःच लहानग्या काकाचा मुलगा व्हायला तयार होतो. त्याला वाड्यात काम हवं असतं.

आता शीर्षकातला प्रश्न. त्याचं उत्तर खुद्द बाओयूनं विसाव्या प्रकरणात दिलंय. दाइयू रुसलेली, कारण तो बाओछायकडून आलेला. तो म्हणतो, तू इतकी शहाणी, तुला एवढं कळू नये? एक तर आपण आत्या-मामाची भावंडं, ती मावशीकडची. नात्यानं ती तुझ्यापेक्षा लांबची. दुसरं, तू आधी आलीस, आपण एका टेबलाशी जेवून, एका पलंगावर निजून वाढलो, ती आत्ता आली. प्रेमाची कबुली द्यायची सोडून हा पठ्ठ्या नात्याची वजावट मांडतो, आणि त्या वाड्यात त्याहून मोठी कबुली देताही आली नसती.

दोघींशीही त्याचं लग्न होऊ शकत होतं. आडनाव एक नाही ना, एवढाच मुद्दा. चुलत बहीण वर्ज्य, आते-मामे-मावस नाही. जुन्या कायद्यात कागदावर बंदी होती, पण त्या काळच्या चिंग राजवटीनं तो प्रश्न लोकांच्या मर्जीवर सोडला. इथं मराठी वाचकाचा कान जरा अडतो. आपल्याकडे कित्येक जातींत मामाची मुलगी चालते, नव्हे तिच्यावर हक्क सांगतात. मावसबहीण मात्र सख्खीच. म्हणून बाओछायशी लग्न म्हटलं की कसंसंच होतं. दाइयूही मामाची नव्हे, आत्याची मुलगी, आणि आत्याच्या मुलीनं आईच्या माहेरी सून म्हणून परत येणं आपल्याकडेही फारसं पसंत नसतं. चीनच्या काही भागांतही ते अशुभ मानत, रक्त उलटं फिरतं म्हणून. कादंबरीत हे कुणी तोंडानं बोलत नाही. बोलतं ते माहेर: बाओछाय ही सासूच्या सख्ख्या बहिणीची मुलगी, दाइयू ही गेलेल्या नणंदेची. सासू कुणाकडे झुकेल हे सांगायला कागदावरची दुसऱ्या रंगाची रेघ पुरे.

त्याच रेघेवर शीफेंग उभी आहे. बाओयूची ती मामेबहीण, आणि लियानची बायको म्हणून चुलतवहिनी. वांगबाई, म्हणजे बाओयूची आई, तिची आत्याही आणि चुलतसासूही. दाइयूला पहिल्या भेटीत ती म्हणते, ही आजींच्या लेकीची लेक वाटतच नाही, मुलाची मुलगी शोभते. एका वाक्यात आजी खूश, पाहुणी खूश, शेजारी उभ्या नातींनाही त्यांचं स्थान पोचलं. पण शीफेंगची खरी सासू शिंगबाई, थोरल्या शेची बायको, आणि सून कारभार बघते धाकट्या दिराच्या घरचा. नोकर सांगतो, सासू म्हणते, चिमणी भरल्या जागेकडेच उडते. वाड्यातली निम्मी भांडणं या एका गोष्टीतून निघतात, आणि नवखा वाचक ती सासू-सुनेच्या स्वभावावर घालून मोकळा होतो.

सगळ्यात अवघड नातं पंचावन्नाव्या प्रकरणात आहे. तानछुन झेंगची मुलगी, पण झाओ नावाच्या उपपत्नीपासून झालेली. शीफेंग आजारी म्हणून कारभार तिच्याकडे आलाय. पहिलंच प्रकरण समोर येतं: झाओचा भाऊ वारला, मर्तिकाला किती द्यायचे? ली वान, तीच ती विधवा वहिनी, म्हणते, चाळीस ल्यांग. मागे दासी शीरेनची आई गेली तेव्हा चाळीस दिले होते. एक ल्यांग म्हणजे साधारण तीन तोळे चांदी. तानछुन जुन्या वह्या मागवते. नियम निघतो: घरच्याच नोकरांत जन्मलेल्यांना वीस, बाहेरून आलेल्यांना चाळीस. दोन ठिकाणी जास्त दिलेले, एकदा शंभर, एकदा साठ. पण कारण लिहिलेलं, एकदा शवपेटिका परप्रांतातून हलवायच्या होत्या म्हणून, दुसऱ्यांदा दफनाला जागा घ्यायची होती म्हणून. शीरेन बाहेरची, झाओ घरची. वीस.

झाओ रडत येते. या घरात तेलासारखी कढत म्हातारी झाले, तुला आणि तुझ्या भावाला जन्म दिला, आणि शीरेनइतकीही किंमत नाही? तुझा मामा गेला, तर वीस-तीस जास्त दिले असते तर काय बिघडलं असतं? त्यावर तानछुन विचारते, कोण माझा मामा? माझा मामा तर आत्ताच नऊ प्रांतांचा तपासनीस झालाय.

ती वांगबाईंच्या भावाबद्दल बोलतेय. रीतीप्रमाणे तिची आई वांगबाई. जन्म देणारी झाओ फक्त उपपत्नी, अर्धी नोकर. पोटच्या मुलाला, हुआनला, चार शब्द सुनावले तरी शीफेंग झाओला खिडकीबाहेरून झापते: तो मालक आहे, त्याला शिकवणारे आहेत, तुझा काय संबंध? वारलेला मामा हुआनचा शाळेत सोबत जाणारा नोकर होता. तानछुन तेही काढते: हुआन बाहेर निघाला की तो उठून उभा का राहायचा, मामाचा तोरा का नाही मिरवला? बोलताना तीही रडत असते. तिला कोरड्या काळजाची ठरवणारे वाचक एक विसरतात: तिनं दहा ल्यांग जरी वाढवले असते, तरी दुसऱ्या दिवशी सगळ्या कारभारणी वह्या घेऊन तिच्या दारात आल्या असत्या. पहिली तर आलीच होती, परीक्षा बघायला.

वीस ल्यांग हा आकडा लक्षात ठेवावा. सहाव्या प्रकरणात ल्यू म्हातारी नावाची शेतकरीण वाड्यावर येते. तिच्या जावयाच्या आजोबांनी कधीकाळी, आडनाव एकच वांग म्हणून, वांगबाईंच्या वडिलांशी नातं लावून घेतलेलं; पुतण्या म्हणून. रक्ताचा थेंब सामायिक नाही. तिलाही शीफेंगकडून वीस ल्यांगच मिळतात. पुढे एका खेकड्यांच्या मेजवानीचा खर्च ऐकून म्हातारी सांगते, एवढ्यात आमचं वर्ष निघतं.

शीफेंगच्या मुलीला छ्याओ हे नाव ल्यू म्हातारीनंच दिलेलं. त्या मुलीचं पुढे काय होतं, यावर आजही वाद आहे, कारण लेखक त्साओ श्वेछिनची म्हणून खात्रीनं हाती आलेली ऐंशीच प्रकरणं. १७९१ साली छापलेल्या प्रतीतली शेवटची चाळीस कितपत त्याची, हे ठरत नाही. पाचव्या प्रकरणातलं भाकीत मात्र स्पष्ट आहे: चांदीच्या लोभानं हाडामांसाची माणसं विसरणारे क्रूर मामा आणि कपटी भाऊ. मामा म्हणजे शीफेंगचा भाऊ वांग रेन, यात फारसं दुमत नाही. भाऊ कोण? छापील प्रतीत मुलीला विकायच्या कटात हुआन आहे, पण त्याच्या नावात जेडची खूण, म्हणजे तो तिचा काका. भाऊ गवताच्या खुणेतलाच हवा. युन त्या कटात आहे खरा, पण जुन्या हस्तलिखितांच्या समासातला टीकाकार त्याच्याकडून पुढे चांगलं काहीतरी घडेल असं सुचवतो. मग उरतात रोंग, छ्यांग आणि ली वानचा सज्जन, अभ्यासू लान, आणि लानचं नाव घेतलं की वाचकांत सरळ दोन तट पडतात.