तुम्ही विचारलंत म्हणून: चेटकिणी भेटल्याच नसत्या तर?

प्रयोग संपतो, पोरं खोबरेल तेलानं तोंडावरचा रंग पुसायला बसतात, आणि कुणीतरी विंगेत येऊन उभं राहतं. कधी अकरावीतला मुलगा, कधी कुणाची तरी आई, एकदा तर मांडव घालणारे भाऊच आले होते. प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, त्या चेटकिणी भेटल्याच नसत्या, तर त्यानं खून केला असता का?"

मी चाळीसगाव तालुक्यात मराठी शिकवते. वीस वर्षांत 'मॅकबेथ' तीनदा बसवलं, आमच्या पोरांच्या तोंडी बसेल अशा साध्या भाषेत. तिन्ही वेळा हा प्रश्न आला. परवाच्या प्रयोगानंतर एका विद्यार्थ्याचे वडील टोपी हातात घेऊन आले आणि म्हणाले, "नशीबमा व्हतं ते व्हयनं, त्यानं काय चुकनं?" मी दोन वाक्यं बोलून वेळ मारून नेली, शेवटची बस गाठायची होती. पण त्या माणसानं मनापासून विचारलं होतं आणि मी उत्तर दिलं नाही, हे मला दोन दिवस टोचत राहिलं. म्हणून आज नीट लिहिते.

नाटक ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्कॉटलंडचा शूर सरदार मॅकबेथ लढाई जिंकून परत निघालाय. वाटेत माळावर तीन चेटकिणी भेटतात. तुला कॉडॉरची सरदारकी मिळेल, पुढे तू राजा होशील, असं सांगतात. सोबतच्या बँकोला म्हणतात, तू राजा होणार नाहीस, पण तुझ्या वंशातले होतील. लगेच कॉडॉरची सरदारकी मिळाल्याचा निरोप येतो. राजा डंकन मॅकबेथच्याच वाड्यावर मुक्कामाला येतो आणि मॅकबेथ त्याला झोपेत मारतो. मुकुट मिळतो, झोप जाते, एका खुनापाठी दुसरा खून पडत जातो. शेक्सपिअरनं हे १६०६च्या सुमारास लिहिलं. मराठीत ते शि. म. परांजप्यांनी 'मानाजीराव' म्हणून आणलं, शिरवाडकरांनी १९५४ साली 'राजमुकुट' म्हणून.

आता चेटकिणी काय बोलतात ते पुन्हा ऐका. 'राजा होशील' एवढंच. मार, असं त्यांच्यातली एकही म्हणत नाही. सुरा नाही, रात्र नाही, डंकनचं नावसुद्धा नाही. ते सगळं मॅकबेथच्या डोक्यात आधीपासून होतं, म्हणून तर भविष्य ऐकून तो दचकतो. चांगली बातमी ऐकून माणूस दचकतो कशाला? बँको त्याला तेच विचारतो. आणि गंमत नाही, फार दुःखाची गोष्ट ही की योग्य उत्तर मॅकबेथला त्याच वेळी सुचलेलं असतं. तो स्वतःशी म्हणतो, नशिबाला मला राजा करायचं असेल तर नशीबच मुकुट चढवील, मला हातही हलवायला नको. कॉडॉर तसंच मिळालं होतं की, घरबसल्या.

त्या वडिलांना मला हे सांगायचं होतं. मॅकबेथचा नशिबावर विश्वास असता तर तो त्या रात्री पाहुण्याला जेवू घालून झोपला असता. विश्वास नव्हता म्हणून त्यानं सुरा उचलला. मग राजा झाल्यावर तो काय करतो बघा. बँकोच्या वंशात राज्य जाणार, हेही त्याच चेटकिणी म्हणाल्या होत्या, त्याच दमात. ते मात्र खोटं पाडायला तो मारेकरी धाडतो. बँको मरतो, पोरगा निसटतो. म्हणजे भविष्यातलं आपल्या सोयीचं अर्धं त्यानं देववाणी धरली आणि गैरसोयीचं अर्धं वैरी धरलं. तालमीत पोरांना मी हेच वारंवार सांगते, कारण हे एकदा कळलं की मॅकबेथ परदेशी वाटत नाही. आपण सगळे असेच वागतो.

खरा मॅकबेथ इतिहासात होऊन गेला. त्यानं १०४० ते १०५७ राज्य केलं, आणि त्याचा डंकन लढाईत पडला होता. शेक्सपिअरनं त्याला मुद्दाम पाहुणा केलं, म्हातारा केलं, अंथरुणावर झोपवलं. खान्देशात दारी आलेल्या पाहुण्याला काय मान असतो हे वेगळं सांगायला नको. त्या प्रवेशाला आमच्या प्रेक्षकांतल्या बाया 'अय माय' म्हणून तोंडाला पदर लावतात.

पण मला हे पुस्तकातून कळलं नाही. आमच्या शेतात कळलं.

मी नववीत होते. नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची, सात एकर कोरडवाहू. कापूस पावसावर. मामांनी एक पाणाड्या आणला. तळहातावर नारळ आडवा धरून तो शेतभर फिरला, बांधावरच्या बाभळीपाशी नारळ उभा राहिला. "इथं झरा आहे," म्हणाला. रात्री दहाला बोअरची गाडी आली. कंप्रेसरचा आवाज असा की शेजारच्याशीही ओरडून बोलावं. पाईपाच्या तोंडातून पांढरट भुकटी उडत होती. पाणी जवळ आलं की ती ओली होते, तिचा रंग पालटतो. नाना दर दहा फुटांना मूठभर भुकटी उचलायचे आणि अंगठ्यानं बोटांवर चोळून बघायचे. कोरडी. पुन्हा उचलायचे, पुन्हा चोळायचे. दोनशे ऐंशी फुटांपर्यंत काळा पाषाण, पाण्याचा थेंब नाही.

दुसरी बोअर तीनशे चाळीस. तीही कोरडी.

त्यानंतर थांबायला हवं होतं असं आज कुणीही म्हणेल. पण दोन बोअरींचं कर्ज डोक्यावर असताना थांबणं म्हणजे ते पैसे मातीत गेले हे कबूल करणं. मॅकबेथ एका ठिकाणी म्हणतो, रक्तात इतका आत आलोय की मागे फिरणं आणि पलीकडे जाणं सारखंच जड. मी हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. माझ्या नानांनी मुंगीलाही दुखवलं नाही, त्या खुन्याशी त्यांची बरोबरी मी करत नाही. तरी ते वाक्य मी आमच्या ओट्यावर, दुसऱ्या शब्दांत, ऐकलेलं होतं.

तिसऱ्या वेळी नाना स्वतः मोटारसायकल घेऊन त्या पाणाड्याला आणायला गेले. आईची सोन्याची पोत मोडली. चारशे दहा फुटांवर पाणी लागलं, अडीच इंची. गावाला पेढे वाटले. दोन उन्हाळे कापसाला, आईच्या वांग्यांना पाणी मिळालं. तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये मोटर हवा ओढायला लागली. पाणाड्या खोटं बोलला नव्हता. तो म्हणाला होता, पाणी लागेल. किती दिवस पुरेल, हे आम्ही विचारलंच नव्हतं.

चेटकिणींचं दुसरं भविष्य नेमकं असंच आहे. बर्नमचं जंगल डन्सिनेनच्या टेकडीवर चालत येईपर्यंत तुझा पराभव नाही. बाईच्या पोटी जन्मलेला कुणीही तुला मारू शकणार नाही. मॅकबेथ निर्धास्त. जंगल कधी चालतं का? पण शत्रूचे सैनिक त्याच जंगलातल्या फांद्या तोडून पुढे धरून येतात आणि जंगल चालतं. ज्याच्या हातून मॅकबेथ शेवटी मरतो त्या मॅकडफला आईचं पोट चिरून काढलेलं असतं, तो 'जन्मलेला' नसतो. शब्दाशब्दानं खरं आणि पुरतं घात करणारं.

आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथंच आहे. पहिल्या खेपेला चेटकिणी वाटेत त्याला भेटल्या. दुसऱ्या खेपेला तो आपल्या पायांनी त्यांना शोधत गेला. त्या भेटल्या नसत्या तर त्यानं दुसरं कुणी गाठलं असतं. ज्याला उद्याची हमी हवी असते त्याला ती देणारा कुणीतरी सापडतोच.

तुम्ही घरी जाऊन पोरांना 'बघ, जास्त हाव धरू नये' असं सांगणार असाल, तर कृपा करून सांगू नका. हे नाटक मी त्यासाठी करत नाही. माझ्या वर्गातल्या मुली पहाटे चारला उठून भरतीच्या मैदानावर धावतात. एक जण शेळ्या राखत अभ्यास करून तहसीलदार व्हायचं म्हणते. त्यांना पायरीनं राहा म्हणणारे गावात पुष्कळ आहेत, त्यात माझ्या नाटकाची भर नको. नानांना विहिरीचं पाणी, तीन मुलींची शिक्षणं हवी होती, ती हाव नव्हे. मॅकबेथनं राजा व्हावंसं वाटून घेतलं तेही मी समजू शकते. 'कदाचित' हा शब्द त्याला सोसवला नाही, तिथून तो बिघडत गेला.

याच्या उलट बाजूनं ग्रीक नाटक बघा. सोफोक्लीसचा राजा इडिपस, पु. ल. देशपांड्यांनी मराठीत आणलेला 'ओयदिपौस'. याला काही मिळवायचं नाही, टाळायचं आहे. बापाला मारशील, आईशी लग्न करशील, असं भविष्य ऐकून तो भल्या मनानं घर सोडतो आणि नेमका खऱ्या आईबापांच्या वाटेला लागतो. तिठ्यावर एका म्हाताऱ्याशी भांडण होतं, म्हातारा मरतो, तो बाप असतो. त्याच्याआधी त्या बापानंही तेच केलेलं: तान्ह्याचे घोटे टोचून त्याला डोंगरावर टाकायला दिलं. आपल्याकडे कंसानं बहिणीची पोरं मारली ती ह्याच धाकानं. आपण ती गोष्ट कृष्णाच्या बाजूनं ऐकतो म्हणून गोपाळकाल्याला दहीहंडी फोडतो. कंसाच्या बाजूनं सांगितली तर ती शोकांतिकाच आहे.

पण इतक्या लांब तरी कशाला जायचं? चाळीसगावहून अठरा-वीस किलोमीटरवर पाटणादेवी. तिथल्या शिलालेखात नोंद आहे की भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथं मठ काढला. भास्कराचार्यांनी गणिताची 'लीलावती' लिहिली ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. अकबराच्या दरबारातल्या फैजीनं १५८७ साली तिचं फारसी भाषांतर केलं, तेव्हा एक कथा सांगितली. लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी, तिच्या पत्रिकेत लग्नसुख नव्हतं. बापानं गणितानं एक मुहूर्त काढला, तेवढा साधला तर दोष टळणार होता. घटिकापात्र मांडलं, बुडाला भोक असलेली वाटी पाण्यावर तरंगत ठेवली, ती भरून बुडाली की घटका झाली. नटलेली मुलगी कौतुकानं वाकून बघायला गेली, अंगावरचा एक मोती त्या वाटीत पडला आणि भोकावर बसला. पाणी थांबलं, वाटी बुडेना, मुहूर्त निघून गेला.

दंतकथाच म्हणायची. पण दरवर्षी मी पोरांना पाटण्याला नेते आणि देवळाच्या आवारात हीच गोष्ट सांगते. मोती तिच्याच दागिन्याचा, वाकली तीच, आणि वाकली ती केवळ आनंदानं. कुणी दुष्ट नाही त्या गोष्टीत. मागच्या वर्षी एका मुलीनं विचारलं, "मॅडम, सगळ्यांनी वाटीकडे बघत बसायचं सोडून वेळेवर अक्षता टाकल्या असत्या तर?" मला तिला मिठी मारावीशी वाटली.

आणि आमच्या खान्देशातच, असोद्याची लेक बहिणाबाई. अकाली कुंकू पुसलं गेलेली, अक्षरओळख नसलेली बाई दारात आलेल्या जोतिषाला म्हणते, "नको नको रे जोतिषा, नको हात माझा पाहू; माझं दैव माले कये, माझ्या दारी नको येऊ." मॅकबेथच्या वाड्यात हे म्हणणारं कुणी असतं तर नाटक पहिल्या अंकातच संपलं असतं.

तालमीची एक आठवण राहिली. मॅकबेथची बायको, लेडी मॅकबेथ, झोपेत चालते आणि हातावरचं रक्त धूत राहते, तो प्रवेश. जी मुलगी करत होती ती सुट्टीत कापूस वेचायला जाते, बोटांना बोंडांचे ओरखडे होते. मी सांगितलं, हात धू. तिनं हवेत पाणी घेतलं नाही. ती खाली बसली, चुलीतली राख उचलावी तशी चिमूट उचलली आणि हातांवर चोळू लागली. आधी तळवे, मग बोटांच्या बेचक्या, मग एकेका नखाखाली. आमच्याकडे चिकट हात राखेनंच निघतात. मी काही बोलले नाही. मला बोअरच्या भुकटीत अंगठा चोळणारे नाना दिसत होते.

नाना परवाच्या प्रयोगाला आले होते. पहिल्या रांगेत, खुर्चीत पाय वर घेऊन. घरी परतताना गाडीत बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "जंगल चालत उनं, तवय त्याले वाईट वाटनं का बरं वाटनं?"

मला उत्तर देता आलं नाही. मला ती मार्चमधली रात्र आठवली. मोटरनं हवा ओढली आणि आता काही उरलं नाही हे कळलं, त्या रात्री नाना घरी आले, पाय धुतले, भाकरी खाल्ली आणि आडवे झाले. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांचं घोरणं ऐकू आलं. सकाळी उन्हं ओट्यावर आली तरी उठले नव्हते. आम्ही बहिणी भांड्यांचा आवाज करत होतो तर आईनं तोंडावर बोट ठेवलं.

जंगल हललं हा निरोप ऐकल्यावर आमचा मॅकबेथ आजवर तलवार उपसून ओरडायचा. पुढच्या प्रयोगासाठी मी ते बदललंय. तो पायरीवर बसतो, मुकुट काढून शेजारी ठेवतो आणि दूतालाच विचारतो, "किती लांब आलंय?"