चाळीस दाती : बदलापूर ते नाणेघाट, मुरुमावरून

घोडबंदर रोडला राहणाऱ्या माणसाने नवी सायकल घेतली की घरातून पहिला प्रश्न येतो, "चालवणार कुठे?" प्रश्न रास्त आहे. मेट्रोचे बॅरिकेड, त्यांच्या कडेने घुसणारे बाइकवाले आणि गुजरातकडे निघालेले ट्रेलर. पहाटे पाचला निघालं तरी सहापर्यंतच काय ते सुख. दोन वर्षं मी हे केलं. मग मेहुण्याने ग्रॅव्हल बाइकचं खूळ डोक्यात घातलं.

ही सायकल दिसायला शर्यतीच्या सायकलसारखीच, खाली वळलेल्या हँडलची. पण टायर चांगले ४० मिलिमीटर रुंद, वर नक्षी, आणि हवा बेताची. डांबर संपलं की तिचं खरं काम सुरू होतं. ग्रॅव्हल म्हणजे काय हे मेहुणा मला युरोपातले व्हिडिओ दाखवून समजावत होता. मी म्हटलं, अरे, आपल्याकडे त्याला मुरूम म्हणतात. काळा कातळ उन्हापावसाने कुजून जो तांबूस भुगा होतो तो. शहापूर-मुरबाडकडे निम्मे रस्ते त्याचेच आहेत.

तर जानेवारीतल्या एका शनिवारी सायकली गाडीच्या कॅरियरवर बांधून आम्ही बदलापूर गाठलं. ठाण्यापासूनच चालवत का नाही निघालात, असं विचारणाऱ्याने एकदा शिळफाट्यावरून सायकल नेऊन दाखवावी. बायकोने आम्हाला सव्वासहाला मुळगावच्या पुढे उतरवलं आणि गाडी फिरवता फिरवता भावाला बजावलं, "ह्यांना घाटबिट चढवू नकोस." चढवला. ते पुढे येईलच.

मार्ग कागदावर सोपा होता: बारवी धरण, म्हसा, धसई, टोकावडे, वैशाखरे. कल्याण-नगर हायवे ह्याच्या उत्तरेने जातो आणि माळशेज उतरणारे सगळे ट्रक तो स्वतःकडे ओढून घेतो. त्यामुळे सह्याद्रीच्या पायथ्याला लागून असलेले हे आतले रस्ते मोकळे राहतात. त्यातले बरेच आता डांबरी झालेत, खोटं कशाला सांगू. पण डांबराला समांतर शिवारातून बैलगाडीची चाकोरी जातेच. दोन बाजूंना चाकांच्या खाचा, मध्ये गवताचा पट्टा. भात कापून झालेलं, खाचरं टणक, बांधाच्या आत ओलीवर पेरलेला वाल, घरामागे पेंढ्याच्या उडव्या. हे सगळं डिसेंबर-जानेवारीतच जमतं. पावसाळ्यात इथे गुडघाभर चिखल आणि एप्रिलमध्ये भट्टी.

बारवीचं जंगल मी झटक्यात सोडतो, कारण तिथे आम्हीही झटक्यातच गेलो. १९७२ सालचं, एमआयडीसीचं धरण. थंडी बोचरी, हातमोजे विसरलेले. ठाणे-डोंबिवलीकडच्या कारखान्यांत आणि बऱ्याच घरांत जे पाणी येतं ते हेच, आणि ते पाहायला आपण कधी येत नाही एवढंच मनात आलं. जंगलाबाहेर पडलो तेव्हा ऊन कोवळं होतं आणि पूर्वेला डोंगरांची फळी उभी होती. गोरखगड, त्याच्या शेजारचा सुळक्यासारखा मच्छिंद्रगड, आणि उजवीकडे अंगाने भरलेला सिद्धगड.

सिद्धगडापाशी थांबलो. म्हणजे तो लांबच होता, पण सायकली बांधाला टेकवून बघत बसलो. २ जानेवारी १९४३ ला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथल्या जंगलात पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. कोतवाल म्हणजे माथेरानचा वकील माणूस, बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत होतो, आझाद दस्ता उभा करतो आणि विजेचे मनोरे पाडत सुटतो. शाळेत हे चार ओळींत संपलं होतं. ते डोंगर समोर असले की मात्र कळतं, की इथे लपणं सोपं आणि इथून निघणं अवघड.

तिथून पुढे मी चूक केली. टायरमध्ये हवा जितकी कमी तितका मुरुमावर आराम, असं कुठेतरी वाचलं होतं, म्हणून निघताना चांगलीच सोडून दिली होती. माझं वजन ८८ किलो, हे वाचताना लक्षात घेतलं नव्हतं. एका ओढ्याकडे उतरताना धारदार दगडावर मागचं चाक आदळलं आणि टायरच्या कुशीला दोन बोटांची चीर गेली. ट्यूबलेस टायरच्या आत दुधासारखं सीलंट असतं. बारीक भोक ते आपोआप बुजवतं. चिरेपुढे त्याचं काही चालत नाही. ते सगळं माझ्या पोटऱ्यांवर उडालं.

"भावजी, हवा बघायची तशी वजनही बघायचं असतं," मेहुणा शांतपणे म्हणाला. त्याने ट्यूब घातली, चिरेच्या आत बिस्किटाच्या पुड्याचं वेष्टन घडी करून ठेवलं आणि हवा भरली. पाच मिनिटांत ट्यूबचा फुगा चिरेतून बाहेर डोकावला. मग म्हशापर्यंत थोडं चालवत, बरंच ढकलत.

आणि म्हशात जत्रा भरलेली! पौष पौर्णिमेला म्हसोबाची यात्रा सुरू होते हे मला माहीत होतं, ती पुढे आठवडाभर रेंगाळते हे डोक्यात नव्हतं. वाहनं टाळायला एवढा आटापिटा केलेले आम्ही दोघं शेवटी ट्रॅफिक जाममध्ये सापडलो, आणि तो बैलांचा होता. पुढे बैल, मागे बैल, डावीकडे टेम्पोतून उतरत असलेले बैल. हॉर्न कुणी वाजवत नव्हतं. एक खिल्लार माझ्या सॅकमधलं केळं शोधत मान लांब करून उभा.

म्हशाचा गुरांचा बाजार मोठा. घोंगड्याही इथल्या नावाजलेल्या. एका कडेला बैलांच्या साजाची दुकानं: म्होरक्या, वेसणी, कासरे, घुंगुरमाळा, रंगीत गोंडे. बैलगाडा शर्यतींवरची बंदी २०२१ च्या डिसेंबरात सैल झाली आणि २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने कायदाच मान्य केला, तेव्हापासून शेतीच्या बैलापेक्षा शर्यतीच्या खोंडाभोवती गर्दी जास्त, असं एक व्यापारी सांगत होता. सौदा मात्र जुन्याच पद्धतीने. दोन माणसं समोरासमोर, हातांवर उपरणं टाकलेलं, आणि उपरण्याखाली बोटं दाबून भाव. चेहऱ्यावर काही नाही. बोटांचे किती हजार होतात ते आजूबाजूच्या वीस जणांना कळत नाही. मी अर्धा तास तेच बघत उभा राहिलो. उपरणं एकदा झटकन ओढलं गेलं, एकाने मान हलवली आणि तो चालता झाला. सौदा फिसकटला होता. तोही मला चेहऱ्यांवरून कळला नाही, पावलांवरून कळला.

साजाच्या दुकानांच्या टोकाला एक जण बैलांच्या गळ्यातले चामड्याचे पट्टे शिवत बसला होता. त्याला टायर दाखवला. त्याने अंगठा चिरेत घालून बाहेर काढला, आतला दोरा किती तुटलाय ते बघितलं आणि विचारलं, "आतून लावायचा ना? मग मऊ लागंल, जाड नाय." पट्ट्याच्या कातरणातून तळहाताएवढा तुकडा काढला, रापीने त्याच्या कडा तासून पातळ केल्या, म्हणजे ट्यूबला टोचणार नाहीत. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. चिकटवला, वर दोन टाकेही घातले. वीस रुपये. मी पन्नास देऊ केले तर तीस परत केले.

तोवर भोवती चार-पाच जण जमले होते. त्यात पागोटंवाले एक आजोबा. ह्या वाटांवर आयुष्य काढलेला माणूस. त्यांनी सायकलला एक फेरी घातली, सीट दाबून बघितली, टायरला चिमटा काढला. अगदी गुरं बघतात तसं. मग किंमत विचारली. मेहुण्याने खरी सांगितली. आजोबा काही क्षण गप्प.

"एवढ्यात जोडी येती," ते म्हणाले. मग डोळे बारीक करून, "किती दाती हाय?"

बैल घेताना दात मोजतात. दुसा, चौसा, मग जुळलेला. मेहुणा खाली वाकला, पेडलजवळच्या चक्राच्या दातांकडे बोट केलं आणि म्हणाला, "आजोबा, चाळीस दाती."

मोजायला लागले! बोटाने अर्ध्यापर्यंत मोजून झाल्यावर त्यांनाच हसू आवरेना. "म्हातारी झाली रं तुजी गाय," म्हणत निघून गेले. ठाण्याला परतल्यापासून आमच्या घरात सायकलचं नाव चाळीस दाती आहे.

दुपारनंतरचा पट्टा डोंगराच्या पायथ्याचा. वीटभट्ट्या लागल्या. भट्टीच्या कडेला पेंढ्याच्या खोपी, त्यांत पोटासाठी गाव सोडून आलेली कातकरी कुटुंबं, मातीने मढलेली पोरं. त्यांनी हात केले, आम्हीही केले. लाख रुपयांच्या सायकलवरून हात करणं मला तेव्हा बरं वाटलं नाही आणि लिहितानाही वाटत नाही. ह्या मोकळ्या रस्त्यांवर रिकामपणाने फिरणारे आम्ही दोघंच होतो, बाकी सगळे कामाला होते.

धसईत अंधाराआधी पोचलो. डिसेंबर २०१६ मध्ये हे राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं होतं. नोटबंदीनंतरचे दिवस. चहाचे पैसे फोनवरून द्यायला गेलो तर रेंज नव्हती. नोट दिली. चहा फक्कड होता. मुक्काम ओळखीतून मिळालेल्या घराच्या ओटीवर. रात्री तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि वर मावशींचा आग्रह. आवाज म्हणाल तर कुत्र्यांचा, आणि मध्यरात्री गोठ्यातल्या घंटेचा.

दुसऱ्या दिवशीची सकाळ म्हणजे ह्या सगळ्याचं सार्थक. धसईहून टोकावड्याकडे जाताना जमेल तिथे आम्ही रस्ता सोडून चाकोरी धरली. धुकं खाचरांत साचलेलं, बांध तेवढे वर. मुरुमावर रुंद टायरचा एक वेगळाच आवाज येतो, भाजलेला पापड मोडावा तसा. दोनदा ओढ्यात उतरलो. इथलं पाणी काळूला जातं, काळू पुढे उल्हासला, आणि काल सोडलेली बारवीही उल्हासलाच. आम्ही एका खोऱ्यातून दुसऱ्यात आलो होतो आणि पाणी मात्र कल्याणलाच भेटणार होतं. फोनमधल्या नकाशाने एकदा आम्हाला थेट वालाच्या शेतात नेलं. शेतकरीणबाई म्हणाल्या, "रस्ता नाय तो, पाट हाय." मग त्यांनी दाखवलेल्या बैलवाटेने गेलो. चढ आला की ती वाट अंग चोरून वळसा घ्यायची, ओढ्यात उतरायची ते जिथे तळ कातळाचा असेल तिथेच. भरलेल्या गाडीला जे नको ते माझ्या चिरलेल्या टायरलाही नको होतं. दिवसभर मग नकाशा खिशात आणि खुरांचे ठसे पुढे.

वैशाखऱ्याला दुपारी पोचलो. हायवेलगतच्या एका घरी सायकली ठेवल्या आणि नाणेघाट पायी चढलो. चढायला अडीच तास. वाट झाडीतून, शेवटी कातळात खोदलेल्या पायऱ्या, मध्ये पाण्याची टाकी. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांवरून जुन्नर-पैठणला जाणारा माल ह्याच खिंडीने वर जायचा. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवृत्तांतात कल्याण 'कल्लिएना' म्हणून येतं, आणि तिथे चुकून शिरलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला पाठवली जातात अशी तक्रारही. म्हणजे कल्याणला वाहतूक वळवण्याची परंपरा जुनी आहे.

वरच्या लेण्यात सातवाहनांच्या नागनिका राणीचा ब्राह्मीतला लेख. यज्ञ आणि दक्षिणा ह्यांची यादीच: अश्वमेध, राजसूय, हजारोंनी गायी, घोडे, कार्षापणं म्हणजे त्या काळची नाणी. त्यात लिहिलेले आकडे भारतातल्या सर्वांत जुन्या अंकांपैकी आहेत. राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती इथे कोरलेल्या होत्या. आज वर त्यांची नावं आहेत आणि खाली फक्त पावलांचे अवशेष. म्हशात उपरण्याखालचे आकडे कळले नव्हते, इथले भिंतीवर उघडे कोरलेले होते तरी वाचता येईनात.

खिंडीच्या तोंडाशी तो प्रसिद्ध दगडी रांजण आहे. जकातीची नाणी ह्यात टाकत, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. मुलुंडच्या नाक्यावर आम्ही वर्षानुवर्षं टोल भरला. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही वेशींवर लहान गाड्यांना तो माफ झाला. मेहुण्याने रांजणात डोकावून बघितलं. आत थोडं पावसाचं पाणी, पानं आणि वेफर्सचं पाकीट. पाकीट काढून त्याने खिशात घातलं.

उतरेपर्यंत अंधार पडला. ट्रकांच्या हायवेवर रात्री सायकल चालवायचा शहाणपणा केला नाही, टेम्पो ठरवून कल्याणला आलो. त्याचा चालक मुरबाडचा. सायकली चढवताना त्याने टायरची कूस बघून विचारलं, "ह्याला बैलाचा पट्टा कुणी लावला?"

तो तुकडा अजून आतच आहे. दुकानदार म्हणतो टायर बदला. सर्व्हिस रोडवर सायकल काढली की चाकाच्या दर फेऱ्याला सीटखाली हलकं 'टुक' लागतं.