नागपूर आकाशवाणी, बिनबॅटरीची

बॅटरीशिवाय, फक्त रेडिओलहरींच्या ऊर्जेवर चालणारा क्रिस्टल रेडिओ घरी बनवता येतो. लहरींतून आवाजाचा सिग्नल वेगळा काढणाऱ्या जगदीशचंद्र बोसांच्या गॅलेना (शिशाचं खनिज) डिटेक्टरला १९०४ मध्ये अमेरिकी पेटंट मिळालं. तेच काम आज जर्मेनियम डायोड करतो. नागपूर आकाशवाणीच्या ५८५ किलोहर्ट्झसाठी ५ सेंटिमीटर व्यासाच्या पीव्हीसी पाइपवर २६ गेजच्या एनॅमल तारेचे ७५ वेढे घट्ट, शेजारी-शेजारी घ्या. या कॉइलचं इंडक्टन्स सुमारे २४० मायक्रोहेन्री मिळतं. ५०० पिकोफॅरडचा गँग (फिरवून स्टेशन लावायचा कपॅसिटर) साधारण ३१० पिकोफॅरडवर आला की स्टेशन लागतं.

डायोड जर्मेनियमचा ओए७९च घ्या. सिलिकॉनच्या १एन४१४८ ला ०.६ व्होल्ट लागतात, एवढा सिग्नल इथे नसतोच. क्रिस्टल इअरफोनला समांतर ४७ किलोओहमचा रेझिस्टर हवाच. नाहीतर चार्ज साचतो नि आवाज घुसमटतो. मोबाइलचा इअरफोन थेट लावला तर त्याच्या कमी रोधामुळे कॉइलवरचा सिग्नलच दबतो.

सेट मुका राहिला तर आधी तारेची टोकं बघा. वरचं तपकिरी एनॅमल पॉलिश पेपरने खरवडून तांबं लख्ख दिसेपर्यंत थांबू नका, नाहीतर सोल्डर नुसतं गोळा होऊन घरंगळतं.

मग अर्थिंग. मे महिन्यात आपली काळी माती भेगाळते, अर्थिंगसाठी पुरलेल्या सळईची मातीवरची पकड सुटते. सळईपाशी बादलीभर पाणी ओता, फरक लगेच ऐकू येतो. आणि वीज कडाडायला लागली की गच्चीवरच्या एरियलजवळ अजिबात जाऊ नका!