फक्त २८ हजार चालली आहे? मग जरा जपून

जुन्या गाडीच्या जाहिरातीत 'फक्त २८,००० किमी' असं ठळक लिहिलेलं असलं की गिऱ्हाईक खूश होतं. मी मात्र बॉनेट उघडायच्या आधीच सावध होतो. भोसरीत माझं गॅरेज आहे, काम बहुतेक जर्मन गाड्यांचं. वॉरंटी संपते, कंपनीच्या वर्कशॉपचं एस्टिमेट बघून मालकाचे डोळे पांढरे होतात आणि मग ती गाडी आमच्याकडे येते. हल्ली घेण्याआधी दाखवायला आणणारेही बरेच असतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "दादा, मीटर खरं आहे ना?"

बहुतेक वेळा खरं असतं. अडचण पुढेच आहे. बारा-तेरा वर्षांची गाडी २८ हजार चालली म्हणजे वर्षाला दोन-सव्वादोन हजार किलोमीटर. बाकीचा काळ ती पार्किंगमध्ये उभी. साध्या हॅचबॅकला हे चालून जातं. पण ६० लाखांची सेडान १२-१३ लाखांना मिळते तेव्हा झिजलेल्या लोखंडापेक्षा जास्त पैसे वाळलेल्या रबरावर जातात, आणि रबर उभ्या गाडीतही वाळतं. शिवाय गाडीची किंमत पाचपटीने उतरली तरी पार्टची उतरत नाही. तो ६० लाखांच्या गाडीचाच असतो.

सगळ्यात महागडं रबर म्हणजे एअर सस्पेन्शनचं. मोठ्या गाड्यांत स्प्रिंगच्या जागी हवेचे फुगे असतात, गॅरेजमध्ये त्यांना सगळे बलून म्हणतात. मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये ते १९९८ च्या मॉडेलपासून आहेत, इतर कंपन्यांच्या मोठ्या गाड्यांतही असतात. बलूनची रबरी पिशवी जिथे दुमडते तिथे वर्षांनुवर्षं ताणून बारीक भेगा पडतात. हवा हळूहळू सुटते. रात्री उभी केलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यात बसलेली दिसते. चालू केली की कॉम्प्रेसर हवा भरतो, गाडी उठते, मालक निश्चिंत. पण हा कॉम्प्रेसर थोडा वेळ चालून थांबण्यासाठी बनवलेला असतो. गळतीमुळे तो मिनिटं-मिनिटं चालत राहतो, तापतो, त्याची पिस्टन रिंग झिजते. कधी रिले, म्हणजे त्याला वीज देणारा स्विच, चिकटतो आणि कॉम्प्रेसर बंदच होत नाही. बलूनचं दुखणं अंगावर काढलं की कॉम्प्रेसरचं बिलही मागून येतंच.

चाकणकडच्या एका कारखानदारांनी अशीच २०१२ ची सेडान घेतली, ३१ हजार चाललेली. आधीचे मालक वयस्कर, गाडी बंगल्यात छपराखाली, एक ओरखडा नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, तसा दोष कंपनीचा नव्हताच. पुढची डावी बाजू सकाळी बसायची. विकणारा म्हणाला, "साहेब, उभी होती ना, चार दिवस चालवा, बसेल जागेवर." गाडी खरोखरच बसली. पुढचे दोन्ही स्ट्रट (बलूनसकट शॉकॲब्सॉर्बर), कॉम्प्रेसर, रिले आणि मजुरी मिळून एक लाख नव्वद हजार झाले, तेही बाहेरच्या चांगल्या ब्रँडचा माल वापरून. कंपनीचा स्ट्रट अशा गाडीला एका बाजूचा लाख-सव्वा लाखाच्या घरात पडतो, बाहेरचा ५५ ते ७० हजारांना. रबर बदलून दुरुस्त केलेला २५-३० हजारांतही मिळतो, पण तो किती दिवस टिकेल हे मी लिहून देत नाही. मग टायर बघितले. नक्षी नवीकोरी, तारीख २०१४ ची. चारही बदलले. अशा गाडीचे रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे टायर एकेक २० हजारांच्या वरच जातात. बॅटरी एजीएम, २५ हजार, वर ती गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनरने ओळखवून द्यावी लागते. एवढं होईपर्यंत आम्ही इंजिनाला हात लावला नव्हता.

टायरची तारीख स्वतः बघता येते. कडेला डीओटी लिहिलेलं असतं, त्या ओळीच्या शेवटी चार आकडे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. विकणाऱ्यासमोर खाली वाकून हे वाचलं की पुढची बोलणी जरा वेगळ्या आवाजात होतात, असा माझा अनुभव आहे.

रबराचे बाकीचे उद्योग इंजिनाभोवती. टॅपेट कव्हर गॅस्केट (तेल बाहेर येऊ न देणारी पट्टी), ऑईल फिल्टर हाउसिंगचं गॅस्केट, आणि रबराचा भाऊ प्लास्टिक, म्हणजे कूलंटची टाकी, थर्मोस्टॅटचं हाउसिंग. यातलं सुटं काम दहा-वीस हजारांत होतं. एक मात्र लक्षात ठेवा. मर्सिडीजच्या तीन लिटर व्ही-६ डिझेलचा, म्हणजे ओएम६४२ इंजिनाचा ऑईल कूलर दोन सिलिंडर रांगांच्या मधल्या खोबणीत बसलेला आहे. ई ३५० सीडीआय आणि डिझेलच्या एमएल ३५० मध्ये हेच इंजिन. कूलरचे सील काही हजारांचे, पण तिथपर्यंत पोचायला वरचं सगळं सामान उतरवावं लागतं. मजुरी धरून आमच्याकडे ६०-७० हजार होतात. गिऱ्हाईक सील हातात घेऊन बघतं आणि माझ्याकडे चोर असल्यासारखं बघतं.

नव्या डिझेल गाड्यांत उभं राहण्याची शिक्षा वेगळी. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६, म्हणजे धुराच्या कडक नियमांतल्या डिझेलला धुराची काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. ती काजळी जाळायला एक्झॉस्ट ६०० अंशांच्या आसपास तापावा लागतो, त्यासाठी गाडी एका लयीत बराच वेळ पळावी लागते. पुण्यातल्या पुण्यात औंधहून बाणेर आणि परत, एवढ्यावर ते होत नाही. काजळी साठते, दिवा लागतो, शेवटी गाडी ताकद कमी करून टाकते. साफ करून मिळाला तर १५-२० हजार, नवा घालायचा तर दोन लाखांच्या पुढे. म्हणून दिवसाला दहा किलोमीटर फिरणाऱ्याने जुनी डिझेल घेऊच नये असं माझं मत आहे. पेट्रोल घ्या, ॲव्हरेज कमी मिळेल, झोप लागेल.

चाललेल्या गाडीला दुखणी नसतात असं अजिबात नाही. बीएमडब्ल्यूच्या सुरुवातीच्या एन४७ डिझेल इंजिनांची टायमिंग चेन, म्हणजे वाल्वची उघडझाप वेळेवर ठेवणारी साखळी, बदनामच आहे. ३२०डी, ५२०डी मधलं हे इंजिन. चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे. थंड इंजिनाला मागून खरखर ऐकू आली तर थांबा. काम दीड लाखाच्या आसपास जातं, आणि चेन तुटली तर इंजिनच. झेडएफच्या आठ गिअरच्या ऑटोमॅटिकचं तेल कार कंपनी 'आयुष्यभराचं' म्हणते, पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला बदला म्हणून सांगते. तेलाचा चेंबर प्लास्टिकचा, फिल्टर त्यातच, त्यामुळे अख्खा बदलायचा, ३५-४० हजार. फरक इतकाच की चाललेल्या गाडीची दुखणी बिलांच्या फाईलमध्ये सापडतात. ९० हजार किमीला गिअरबॉक्स ऑईल, ७० हजार किमीला डिस्क-पॅड, सगळं तारखेसकट. उभ्या गाडीची फाईल कोरी असते आणि लोकांना ती कोरी फाईलच आवडते.

पावसाळ्याचं एक. सनरूफचं पाणी चार बारीक नळ्यांतून खाली जातं. गाडी झाडाखाली असली की पाला कुजून त्या बंद होतात आणि पाणी छतातून आत, नाहीतर डिकीत उतरतं. कितीतरी गाड्यांत तिथेच बॅटरी आणि कंट्रोल युनिट. डिकीचा गालिचा उचला, नाकाने तपासा. आणि साचलेल्या पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करू नका. पॉलिसीत 'इंजिन प्रोटेक्ट' हे जादा संरक्षण घेतलेलं नसेल तर विमा कंपनी इंजिनाचा दावा नाकारते. साध्या पॉलिसीत रबर, प्लास्टिक आणि बॅटरीवर पहिल्या दिवसापासून ५० टक्के घसारा धरतात. म्हणजे त्यांनाही रबराचं वय कळतं.

दिल्लीच्या गाड्यांबद्दल रोज फोन येतात. १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना हरित लवादाने २०१५ मध्ये तिथे बंदी घातली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम केली, तेव्हापासून नऊ-साडेनऊ वर्षांच्या गाड्या स्वस्तात इकडे येऊ लागल्या. २०२५ मध्ये न्यायालयाने ही बंदी सैल केली. एनओसी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स धरल्यावर स्वस्ताई किती उरते ते आधी कागदावर मांडा, मग विमानाचं तिकीट काढा.

बघायला जाल तर सकाळी लवकर जा आणि गाडी रात्रभर चालू केलेली नसावी असं आधीच बजावून ठेवा. बॉनेटला हात लावून बघा, गरम लागलं तर कोणीतरी तुमच्या आधी येऊन गेलंय. चारही चाकांवरची उंची बोटांनी मोजा. मग लिफ्टवर घ्या, स्कॅनर लावा. दोन-चार हजार जातात.

सध्या लिफ्टवर सोलापूरच्या एका गृहस्थांनी पसंत केलेली डिझेल सेडान आहे, एक लाख चौदा हजार चाललेली, सोबत जाडजूड फाईल. ऑईल फिल्टर हाउसिंग थोडं गळतंय, १५ हजारांचं काम, तेवढे किमतीतून कापून घ्या म्हणून सांगितलंय. विकणारा दहा कापायला तयार झालाय, उरलेल्या पाचावर दोघांची फोनाफोनी चालू आहे आणि माझी लिफ्ट अडकली आहे.