हात मागे

या वर्षभरात मी नागपूर–चेन्नई असा प्रवास दोनदा आणि नागपूर–कोइमतूर असा एकदा केला. तिन्ही वेळा केवळ मोटारींच्या शर्यती पाहून परत आले, हे ऐकल्यावर आमच्या अपार्टमेंटमधल्या बायकांचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते. साठी उलटलेली, गुडघ्याला पट्टा बांधून जिने उतरणारी, शाळेत तीस वर्षे मराठी शिकवून निवृत्त झालेली बाई असल्या ठिकाणी का जाते, हा त्यांचा प्रश्न मला समजतो. केरळ एक्स्प्रेस तिरुपतीवरून जाते आणि मी तिथे न उतरता शर्यतीसाठी पुढे कोइमतूरला गेले, हे मात्र त्यांनी मला अजून माफ केलेले नाही.

कारण अर्थातच माझा भाचा. नागपूरच्या नंदनवन वस्तीत त्याच्या वडिलांचे गॅरेज आहे आणि त्याला वस्तू उघडून पाहण्याची खोड लहानपणापासूनची आहे. माझा मिक्सर, शेजाऱ्यांचा कूलर, आजोबांचे गजराचे घड्याळ, यांतले काहीही त्याच्या हातून सुटले नाही. आमच्या घरात त्याला उद्देशून सर्वांत जास्त वेळा उच्चारले गेलेले वाक्य म्हणजे ‘हात लावू नको’. पुढे पदविका घेऊन तो दक्षिणेत गेला आणि राष्ट्रीय कार रेसिंग अजिंक्यपद स्पर्धेत उतरणाऱ्या एका छोट्या चमूत मेकॅनिक झाला. त्यांची गाडी ज्युनिअर टुरिंग कार वर्गातली. टुरिंग कार म्हणजे एकच आसन असलेली ती उघड्या चाकांची लांबुडकी फॉर्म्युला गाडी नव्हे. आपल्या वर्धा रोडवर रोज दिसते तीच हॅचबॅक, फक्त आतली गादी, गालिचे, मागची आसने सगळे काढून टाकलेली आणि चालकाभोवती लोखंडी नळ्यांचा पिंजरा जोडलेली. ‘मावशी, एक सीझन पाहून तर घे नं,’ असे तो फोनवर म्हणाला आणि मी तयार झाले.

कोइमतूरच्या फेरीबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे. चेट्टिपाळयम येथील करी मोटर स्पीडवे हे नाव ऐकून मला आधी स्वयंपाकघर आठवले. ते एस. करिवर्धन यांच्या नावावरून ठेवलेले आहे आणि मारुतीचे इंजिन बसवून परवडणारी शर्यतीची गाडी बनवणारा हा माणूस १९९५ मध्ये एका लहान विमानाच्या अपघातात गेला, हे भाच्याने सांगितल्यावर मी ओशाळले. त्या दोन दिवसांत मला शर्यतीतले काही कळले नाही आणि भाच्याची गाडी शेवटून दुसरी आली. चेन्नईची पहिली खेप तर पावसात आणि माझ्या पोटदुखीत वाहून गेली.

तिसऱ्या खेपेला मी तमिळनाडू एक्स्प्रेसने निघाले. बल्लारशाच्या पुढे जेवणाचा डबा उघडला, विजयवाड्याला अंधारात जाग आली आणि सकाळी चेन्नई सेंट्रलला उतरताच साडी अंगाला चिकटली. नागपूरच्या उन्हाळ्याची मला भीती वाटत नाही, कारण ते ऊन कोरडे असते आणि माठाच्या पाण्यापुढे, खसच्या ताट्यांपुढे नमते. चेन्नईची हवा मात्र ओल्या गोधडीसारखी अंगावर बसते. सोबत संत्रा बर्फीचे दोन डबे होते, कारण रिकाम्या हाताने कोणाकडे जाऊ नये असे आमच्या आईने शिकवले आहे. या डब्यांमुळे पुढे माझी फजिती होणार होती.

ट्रॅक शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर, बेंगळुरूच्या महामार्गालगत इरुंगाट्टुकोट्टै येथे आहे. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ पासूनचा आहे. आधी शोळावरमच्या महायुद्धकालीन धावपट्टीवर शर्यती होत असत आणि १९९० मध्ये हा खास बांधलेला ३.७१७ किलोमीटरचा ट्रॅक सुरू झाला. जवळच ह्युंदाईचा प्रचंड कारखाना आहे. म्हणजे एका आवारात गाड्या जन्माला येतात आणि दुसऱ्या आवारात त्यांच्या जातभाई जिवावर उदार होऊन पळतात. मुक्काम श्रीपेरुंबुदूरला होता. रामानुजाचार्यांचे ते जन्मगाव, त्यामुळे माझ्या शेजारणींना दाखवण्यापुरते एक देवदर्शन पदरात पडले. लॉजविषयी मात्र चांगले बोलवत नाही. खोलीची खिडकी थेट महामार्गावर उघडत होती आणि रात्रभर ट्रकवाले जणू माझ्या उशीशी बसून हॉर्न वाजवत होते. चादर बदलून मागितली तर दुसऱ्या खोलीतली तितकीच मळकी चादर हसतमुखाने आणून दिली गेली. त्या हसऱ्या मुलावर रागावताही येईना.

शुक्रवारी रात्री आम्ही सारे केळीच्या पानावर जेवलो. भाच्याच्या गाडीचा चालक कोइमतूरचाच, बावीस-तेवीस वर्षांचा, मला ‘आंटी’ म्हणणारा लाघवी मुलगा. मागच्या महिन्यात त्याला टायफॉइड झाला होता. मी त्याच्याकडे पाहिले, तर गालफडे बसलेली, शर्ट खुंटीला टांगल्यासारखा आणि पट्ट्याला नेहमीच्या भोकांच्या बरेच आत एक नवे, वेडेवाकडे भोक पाडलेले. ‘केवढा वाळलास रे!’ असे मी मराठीत म्हणाले, भाच्याने ते हिंदीत सांगितले आणि सगळे हसले. मग मी मऊ भात आणि मेतकूट यांवर एक छोटे व्याख्यान दिले. त्यानंतर विषय बदलला.

रविवारी ऊन कडक होते. प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर फार तर शे-दीडशे माणसे असतील, आणि त्यांतलीही निम्मी चालकांचे आईवडील किंवा मित्र. मला राहून राहून आमच्याकडच्या शंकरपटाची आठवण येत होती. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून मी पट पाहिला आहे. तिथे एक बैलजोडी काही सेकंदांत धावून जाते आणि तेवढ्यासाठी दहा गावची माणसे सकाळपासून धुळीत उभी राहतात, धुरकऱ्याचे नाव पोराटोरांना पाठ असते. इथे देशाची अजिंक्यपद स्पर्धा चाललेली आणि पायऱ्यांवर कावळे बसलेले. मला ते लागले. आवाजाचा त्रास होतो, वास येतो, हे सगळे खरे, परंतु वीस गाड्या पहिल्या वळणावर एकदम तोंड घालतात तेव्हा बसल्या जागी हातातला रुमाल पिळला जातो. या गाड्यांची पुढची चाके ओढतात आणि वळणही तीच घेतात. म्हणून जोरात वळताना आतल्या बाजूचे मागचे चाक अलगद हवेत उचलले जाते, कुत्रा खांबापाशी उभा राहतो तसे. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला वाटले की गाडी आता उलटणार. एव्हाना मला ते कौतुकाने पाहता येत होते, आणि पिवळा झेंडा दिसला की पुढे धोका आहे, ओलांडायचे नाही, एवढे तर मी शेजारच्या बाईंना समजावूनही सांगत होते.

आमची गाडी तिसरी आली.

तिसरी! सबंध हंगामात पहिल्यांदाच पहिल्या तिघांत. मी गुडघा विसरून पायऱ्या उतरले आणि बर्फीचा डबा व पाण्याची बाटली घेऊन गाड्या परत येतात त्या ठिकाणी पोहोचले.

तिथे दोरी बांधलेली होती. शर्यत संपल्यावर वरच्या क्रमांकांच्या गाड्या एका बंदिस्त जागेत उभ्या करतात, तिला पार्क फर्मे म्हणतात. तिथे गाडी शिरली की तपासणी होईपर्यंत ती चमूची राहत नाही. मालक, मेकॅनिक, कोणीही तिला स्पर्श करायचा नाही. माझा भाचा दोरीच्या अलीकडे उभा होता, दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट अडकवून, प्रार्थनेच्या वेळी शाळेतली मुले उभी राहतात तसा. गाड्या तापलेल्या होत्या. ब्रेकचा जळका वास येत होता आणि थंड होणाऱ्या लोखंडाचा टक्‌ टक्‌ असा बारीक आवाज. आमच्या गाडीखाली थेंब थेंब काहीतरी गळत होते. ते पाणी आहे की तेल, हे जाणून घेण्यासाठी त्याचा जीव तुटत होता. पाठीमागची त्याची बोटे मला दिसत होती आणि ती सारखी हलत होती, जणू एखादा न दिसणारा पाना फिरवत असावीत. जन्मभर आम्ही ‘हात लावू नको’ म्हणून थकलो, आणि इथे एका सुताच्या दोरीने ते काम केले होते.

तेवढ्यात चालक मुलगा हेल्मेट काढून बाहेर आला, घामाने निथळत, ओठ सुकलेले. मी बाटली पुढे केली. एका अधिकाऱ्याने मधे हात घातला आणि नम्रपणे, पण निक्षून, नाही म्हटले. वजन होईपर्यंत त्याला पाणीसुद्धा प्यायचे नाही. तापातून उठलेल्या पोराला पाणी नाकारणारा हा कुठला नियम, असे वाटून माझा पारा चढला. मग मी माझ्या स्वभावानुसार दुसरा उपाय केला, म्हणजे त्या अधिकाऱ्यापुढेच बर्फीचा डबा उघडून धरला. ‘मावशी!’ भाचा दबक्या आवाजात ओरडला, ‘काय करून राहिली तू? लाच वाटंल नं ती!’ मी झटकन झाकण लावले. अधिकारी हसला नाही, एवढे मला आठवते.

नंतर भाच्याने समजावले ते असे. या वर्गात गाडी आणि चालक यांचे मिळून एक किमान वजन ठरलेले असते. गाडी हलकी असेल तर पट्ट्यांच्या स्वरूपात जादा वजन तळाला बोल्टने कसून बसवावे लागते. पण फार वजन ठेवले तर गाडी मंदावते, म्हणून प्रत्येक मेकॅनिक काठावर चालतो. किमान मर्यादेच्या वर सुमारे दीड किलोची सवड त्याने ठेवली होती. ही सगळी बेरीज त्याच्या वहीत होती. त्यात चालकाच्या वजनाचा आकडा होता मागच्या फेरीतला, आजारपणाच्या आधीचा.

चार चाकांखालच्या चार काट्यांवर गाडी चढवली गेली. आकडे मिळवले गेले. भाच्याने पुन्हा तोलण्याची विनंती केली, ती मान्य झाली, आणि पुन्हा तेच उत्तर आले. दोन किलो चारशे ग्रॅम कमी. माझ्या त्या बर्फीच्या दोन डब्यांइतके, असे माझ्या मनात आले आणि मी ते तोंडातून बाहेर पडू दिले नाही. चालकाला स्वतंत्रपणे तोलले तेव्हा वहीतल्या आकड्यापेक्षा तो चार किलो हलका भरला.

निकाल सूचना फलकावर लागला, वेळ टाकून. हरकत घ्यायला अर्धा तास असतो. चमूच्या व्यवस्थापकाने हरकत घेतली नाही, कारण घेण्यासारखे काही नव्हते. त्या अर्ध्या तासात भाचा दोरीपासून हलला नाही आणि त्याने हातही सोडले नाहीत. मी शेजारी उभी राहिले. काय बोलावे ते सुचेना, ही माझ्या बाबतीत दुर्मीळ गोष्ट आहे. त्या लोकांनी अन्याय केला असता तर मला बरे वाटले असते, कारण मग मला भांडता आले असते. पण काटा बरोबर होता, नियम सर्वांना सारखा होता, आणि माझ्या भाच्याइतकाच शिस्तीत उभा असलेला चौथ्या गाडीचा मेकॅनिक आता तिसरा झाला होता. आनंद लपवण्यासाठी तो बिचारा बुटाच्या नाडीशी खेळत होता.

अखेर दोरी सोडली. भाचा सर्वांत आधी गाडीखाली वाकला, जमिनीवरच्या ओलाव्यात बोट बुडवून त्याने ते नाकाशी नेले. पाणीच होते. मग त्याने बॉनेट उघडले आणि बराच वेळ नुसता आत पाहत राहिला.

रात्री तो मला सोडायला सेंट्रलपर्यंत आला. गाडीला वेळ होता. फलाटावर आम्ही दुसरा डबा उघडला आणि त्याने दोन बर्फ्या मुकाट्याने खाल्ल्या. मी धीर करून म्हटले, ‘बाबू, चूक माझीही आहे. शुक्रवारी मी त्याला वाळलास म्हणाले, पण तुझ्या वहीत वजन लिहिलेले असते हे मला काय ठाऊक?’ त्याने मान हलवली. त्याच्या नखांत अजून काळे होते.

‘ते नाही मावशी,’ तो म्हणाला. ‘पँट घसरत होती त्याची. बेल्टाला भोक मीच पाडून दिलं शुक्रवारी, आपल्या ड्रिलनं.’