पोस्टरवर न दिसणारी पोरं

कॅन्सरसाठी मदत गोळा करायची म्हटलं की पोस्टरवर हमखास चार-पाच वर्षांचं, केस गेलेलं लेकरू असतं. त्या लेकरांना मदत मिळायलाच हवी, त्याबद्दल वादच नाही. पण १७-१८, २०-२२ वर्षांची पोरं त्या पोस्टरवर कुठेच नसतात आणि हे मला फार लागतं.

ही पोरं धड लहान मुलांच्या वॉर्डातली नाहीत, धड मोठ्यांच्याही नाहीत. एकीकडे भिंतीवर कार्टून, दुसरीकडे शेजारच्या खाटेवर सत्तरीचे आजोबा. परीक्षा बुडालेली, मित्रमैत्रिणी पुढे निघून गेलेल्या, आणि त्यातच डॉक्टर विचारतात की पुढे मूल हवंय का, कारण काही केमोमुळे ती क्षमता जाऊ शकते, म्हणून बीजं (मुलींची स्त्रीबीजं, मुलांचे शुक्राणू) आधीच गोठवून ठेवावी लागतात आणि ते कधीकधी थोड्याच दिवसांत ठरवायचं, तेही आईबाबा शेजारी बसलेले असताना! ह्या खर्चाचा विचार पैसे जमवताना किती जण करतात?

म्हणून मी आमच्या मदत गोळा करणाऱ्या ग्रुपमध्ये सारखं सांगते, नुसतं 'उपचारांसाठी मदत करा' असं लिहू नका. प्रवास, राहणं, आईबाबांची बुडणारी कमाई, काउन्सेलर, पुन्हा कॉलेज सुरू करणं, हे सगळं नाव घेऊन लिहा. लोक देतात हो, त्यांना फक्त नीट कळलं पाहिजे.

आणि ह्या पोरांना बिचारं समजू नका. कॅनडाचा टेरी फॉक्स बघा. १८ व्या वर्षी हाडाच्या कॅन्सरमुळे त्याचा उजवा पाय कापावा लागला, वॉर्डात त्याने लहान मुलांचे हाल बघितले आणि १९८० मध्ये कृत्रिम पायावर तो देशभर धावायला निघाला. प्रत्येक कॅनेडियन माणसाकडून एक डॉलर, एवढंच मागणं. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला, मग कॅन्सर फुप्फुसात पसरल्यामुळे थांबावं लागलं. १९८१ च्या फेब्रुवारीत जमलेली रक्कम २ कोटी ४० लाख डॉलरच्या वर गेली, ते त्याने स्वतः बघितलं. जूनमध्ये तो गेला, २२ वर्षांचा होता. कॅन्सर झालेल्या इंग्लंडच्या स्टीफन सटनने टीनेज कॅन्सर ट्रस्ट ह्या तरुण कॅन्सर रुग्णांसाठीच्या संस्थेसाठी १०,००० पौंड जमवायचं ठरवलं होतं, २०१४ मध्ये १९ व्या वर्षी तो गेला आणि रक्कम पुढे ५० लाख पौंडांच्या वर गेली. दोघांनीही दया नाही मागितली, आपलं म्हणणं आपल्या शब्दांत मांडलं.

फोटोचं तर मला फारच वाटतं. रडवणारा फोटो टाकला की पैसे पटकन येतात, मान्य. पण तो फोटो नेटवर राहतो आणि बरं झालेलं पोर उद्या नोकरीला जातं, लग्न ठरवतं तेव्हाही तोच समोर येतो. त्याला विचारा ना आधी, कुठला फोटो टाकू, काय लिहू, नाव घालू का. नको म्हणालं तर नको.

अजून एक, केमो संपली की लोकांना वाटतं झालं, मोहीम बंद. फॉलोअप पुढे कित्येक वर्षं चालतो, हृदयाच्या तपासण्या असतात, कृत्रिम पाय बदलावा लागतो, आणि खचून जाणं तर पुष्कळदा उपचार संपल्यावरच सुरू होतं, जेव्हा आजूबाजूची गर्दी पांगलेली असते. एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा दर महिन्याला थोडी थोडी देणारे हवेत, त्याच भरवशावर संस्थांना काउन्सेलर कायम ठेवता येतो.